विळ्यावरचे तांबे आणि भट्टीचा धूर



गेल्या आषाढातली गोष्ट. चांदूर रेल्वेपासून दोन-तीन कोसांवर एका संत्र्याच्या बागेत गेलो होतो. सतत पाऊस लागून राहिला की संत्र्याला बुरशी धरते, पान गळते, फळ सडून खाली पडते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी घ्यायची होती. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, आणि दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायचे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे घेऊ नये. मिश्रण तयार झाले की त्यात स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवून बघायचा. विळा जसाच्या तसा निघाला तर मिश्रण बरोबर. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे आणि आणखी चुन्याची निवळी घालावी.

त्या दिवशी विळा तांबडा निघाला. चुना जुना होता, हवेने विरलेला. मालकाचा नातू आठवीत शिकणारा. पोट्ट्याने विळा हातात घेतला, बोट फिरवून पाहिले आणि मला विचारले, "काहो साहेब, इळ्यावर हे तांबं कोठून आलं?"

मी म्हटले, "मोरचुदातून. मोरचुदात तांबे असते. लोखंडाचे पाते दिसले की ते पाण्यातून बाहेर येऊन त्यावर बसते."

"मंग मोरचुदात कोठून आलं?"

"खाणीतल्या दगडातून."

"मंग दगडातून कसं काढतेत?"

आबाजी त्याच्यावर ओरडले, "साहेबांले काम करू दे ना बाप्पा!" पण पोराचा प्रश्न खरा होता. मी त्याला तिथेच बांधावर बसून थोडे सांगितले, बाकीचे आज तुम्हा सर्वांना सांगतो. कारण दगडातून तांबे काढणाऱ्या भट्टीची हकीकत शेतकऱ्याच्या शेताला लागून गेलेली आहे. शेवटी ती आपल्या धुऱ्यावर येऊन पोचते.

आपल्या चांदूरहून रेल्वेने नागपूर, गोंदिया करत बालाघाटला जाता येते. पूर्वी हा जिल्हा आपल्या नागपूरकडच्याच कारभारात होता, आज मध्य प्रदेशात आहे. तिथे आजही बऱ्याच घरांत मराठी बोलतात. या जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ १८७० साली गुरे चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचा तुकडा वर आलेला दिसला. त्यांनी तो उपटला, तर खाली आणखी. उकरले तेव्हा तांब्याची ४२४ हत्यारे निघाली आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. तांब्याचे वजन भरले ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचार क्विंटल. हजारो वर्षांपूर्वीच्या कोणा कारागिरांचा हा ठेवा होता. त्याच जिल्ह्यात मलाजखंड येथे आज हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण आहे. १९८२ पासून ती चालू आहे. तिथल्या शंभर किलो दगडात तांबे असते साधारण एक किलो. उरलेला नव्याण्णव किलो दगड वेगळा काढायचा, ही सगळी भट्टीची आणि तिच्याआधीच्या दळण-धुण्याची करामत.

पहिली भट्टी कशी होती? आपल्या खेड्यातल्या लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. जमिनीत हातभर खड्डा, आतून चिकणमातीचा लेप, खाली-वर लाकडी कोळसा, मधे फोडलेला दगड, आणि मातीच्या नळीतून भात्याचा वारा. तांबे वितळायला सुमारे १०८५ अंश उष्णता लागते. चुलीतला विस्तव तिथवर पोचत नाही, म्हणून भाता हवाच. कोळसा दोन कामे करतो. एक तर तो तापवतो, आणि दुसरे म्हणजे दगडात तांब्याला चिकटून बसलेला प्राणवायू तो ओढून घेतो. दगडात थोडी वाळू किंवा थोडा लोहदगड मिसळला की नको असलेला भाग वितळून काळ्या काचेसारखा मळ होतो. तो वर तरंगतो, आणि जड तांबे तळाशी बसते. ताक घुसळले की लोणी वर येते, इथे लोणी खाली जाते एवढाच फरक.

ही भट्टी चालली ती वरच्या थरातल्या हिरव्या-निळ्या दगडावर. तो दगड सोपा. पण खाण खोल गेली की हिरवा दगड संपतो आणि सोन्यासारखा चमकणारा पिवळा दगड लागतो. त्यात तांबे, लोखंड आणि गंधक तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. मलाजखंडचा दगडही मुख्यतः याच जातीचा. हा नुसत्या कोळशाने सुटत नाही. आधी त्यातला गंधक जाळावा लागतो.

इथून पुढे भट्टीचा शेतकऱ्याशी संबंध सुरू झाला.

गंधक जाळायची जुनी रीत अशी की मोकळ्या मैदानात लाकडाची रास रचायची, तिच्यावर दगडाचा ढीग घालायचा आणि पेटवून द्यायचे. ढीग आठवडेच्या आठवडे धुमसत राही. गंधक जळला की त्याचा जो वायू होतो तो नाकाला झोंबतो, खोकला आणतो. दव, धुके किंवा पावसाची सर आली की तोच वायू पाण्यात विरघळून आम्ल होतो आणि पानांवर उतरतो. आधी पानाच्या कडा करपतात, मग पान पांढुरके पडून गळते. शेवटी झाडच वाळते.

इंग्लंडला लागून असलेल्या वेल्स प्रांतात स्वान्सी नावाचे बंदर आहे. तिथल्या खोऱ्यात १७१७ साली तांब्याचा पहिला कारखाना निघाला. तिथे दगडी कोळसा भरपूर. जुन्या रीतीत कोळसा आणि खनिज एकाच खड्ड्यात घालत. इथल्या भट्टीचे दोन भाग असत. एका बाजूला कोळसा जळे, मधे छोटी भिंत, आणि ज्वाळा कमानीसारख्या छतावर आपटून पलीकडच्या खनिजावर पडे. भाकर तव्यावरून काढून विस्तवाच्या धगीवर शेकावी तसे. कोळशातली घाण त्यामुळे तांब्यात उतरत नसे. पण या रीतीला कोळसा फार लागे, म्हणून कोळसा खाणीकडे नेण्यापेक्षा खनिजच जहाजांनी कोळशाकडे येऊ लागले. आधी जवळच्या कॉर्नवॉलमधून, पुढे क्युबा, चिली, ऑस्ट्रेलिया इथून. जगातल्या तांब्याचा फार मोठा भाग तेव्हा या एका खोऱ्यात निघत असे.

आणि धूर? तो खोऱ्यातल्या शेतांवर पसरे. गवत करपे, गुरे खंगत. कारखानदारांनाही हे दिसत होते. १८२० नंतर धूर कमी करण्याची युक्ती सुचवणाऱ्याला बक्षीस म्हणून वर्गणी जमली, डेव्ही आणि फॅरडे यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांचा सल्ला घेतला गेला, हाफोड नावाच्या कारखान्यात लांब बोगद्यातून धूर नेऊन त्यावर पाण्याचे फवारे मारून पाहिले. धूर थोडा कमी झाला, थांबला मात्र नाही. १८३३ मध्ये आसपासच्या शेतकऱ्यांनी या कारखान्यावर दावा लावला. ते हरले. गावोगावची रोजी-रोटी कारखान्यावर, मग दोन-चार शेतकऱ्यांच्या गवताचे कोण ऐकणार?

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची. तिथे डकटाउन नावाचे गाव आहे. १८५० च्या सुमारास तिथे तांब्याच्या खाणी निघाल्या. भट्टीसाठी चहूकडचे जंगल तोडले, आणि पिवळा दगड उघड्या ढिगांत भाजायला लागले. आधी कुऱ्हाडीने झाड गेले, मग उरलेले धुराने गेले, मग झाड नाही म्हणून पावसाने माती वाहून गेली. सुमारे ३२,००० एकर जमीन उजाड झाली. गवताची काडी नाही, नुसत्या तांबड्या घळी. आपल्याकडे एखादे रान धुपून गेले तर आपण हळहळतो. एक अख्खा तालुका धुपल्यासारखे ते झाले.

तिथल्या लहान शेतकऱ्यांनी कोर्टात दाद मागितली. १९०४ साली टेनेसीच्या वरिष्ठ कोर्टाने निकाल दिला, तो ऐकण्यासारखा आहे. कोर्ट म्हणाले, धुराने नुकसान होते हे खरे, त्याची भरपाई घ्या, पण भट्ट्या बंद करता येणार नाहीत. कारण तुमच्या सगळ्या शेतांची मिळून किंमत १,००० डॉलरही नाही आणि कारखान्यांची जवळजवळ २० लाख डॉलर. तराजूत शेत टाकले आणि ते हलके भरले.

पण धुराला राज्याची सीमा कळत नाही. तो शेजारच्या जॉर्जिया राज्यात जाई, तिथलीही राने आणि शेते करपत. तेव्हा जॉर्जिया राज्य सरकारच उभे राहिले आणि थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०७ मध्ये निकाल लागला तो राज्याच्या बाजूने. आपल्या भूमीवरची हवा स्वच्छ राहावी असे मागण्याचा राज्याला हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. एकट्या-दुकट्याचे जे कोणी ऐकले नाही, ते सगळ्यांनी मिळून म्हटल्यावर ऐकावे लागले.

आता पुढची गंमत बघा. कारखान्यांना धूर अडवणे भाग पडले. अडवलेला धूर ठेवायचा कुठे? त्यांनी त्यापासून गंधकाचे आम्ल, म्हणजे आपण ज्याला तेजाब म्हणतो ते, करायला सुरुवात केली. हे आम्ल कोणाला हवे होते? खताच्या कारखान्यांना! जमिनीतून निघणारा फॉस्फेटचा दगड पिकाला तसाच लागू पडत नाही, तो पाण्यात विरघळत नाही. त्यावर गंधकाचे आम्ल घातले की त्यातला स्फुरद विरघळण्याजोगा होतो. तेच सुपर फॉस्फेट. म्हणजे जो धूर शेत जाळत होता, तो गोणीत भरून शेतात खत म्हणून परत आला. पुढे तर डकटाउनला तांब्यापेक्षा आम्लाचाच धंदा मोठा झाला. जी गोष्ट पन्नास वर्षे हवेत फुकट सोडली, तीच मुख्य माल ठरली.

मग भट्ट्याही बदलल्या. १८८० मध्ये फ्रान्समध्ये अशी रीत निघाली की वितळलेल्या गंधकयुक्त तांब्यातून जोराने हवा सोडायची. हवा लागताच आतला गंधक आपोआप पेटतो, वेगळे जळण लागत नाही. १९४९ मध्ये फिनलंड देशात आणखी एक पाऊल पुढे पडले. महायुद्धानंतर तिथे विजेची टंचाई होती, म्हणून त्यांनी खनिजाची पिठासारखी पूड करून ती गरम हवेच्या झोतात उडवली. पूड उडता उडताच पेटते, गंधकच जळण होतो, आणि निघणारा वायू दाट असल्याने त्याचे आम्ल करणे सोपे जाते. आज जगात अशा भट्ट्या अनेक ठिकाणी आहेत. गुजरातेत दहेज येथे तांब्याच्या कारखान्याशेजारीच आम्ल आणि डी.ए.पी. खत तयार होते ते याच विचाराने.

मात्र युक्ती माहीत असणे वेगळे आणि ती रोज, इमानाने वापरणे वेगळे. आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. १९९२ मध्ये रत्नागिरीत स्टरलाईट कंपनीला तांब्याच्या भट्टीसाठी औद्योगिक वसाहतीत जमीन मिळाली आणि उभारणी सुरू झाली. हापूसचे बागायतदार आणि गावकरी रस्त्यावर उतरले. मोहर नाजूक असतो, त्यावर धूर बसला तर वर्षाचे पीक गेले, ही त्यांची भीती. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला सांगितले. पुढे तो कारखाना तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथे तो वीस वर्षांहून अधिक चालला, आणि तक्रारीही तितकीच वर्षे चालल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणापोटी १०० कोटी रुपये भरायला लावले. २२ मे २०१८ रोजी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १३ माणसे गेली. त्याच महिन्यात तमिळनाडू सरकारने कारखाना बंद केला, आणि तो पुन्हा सुरू करावा ही कंपनीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली.

यात कोणी म्हणेल, मग तांबे नकोच. तसे म्हणून चालणार नाही. तुमच्या विहिरीवरच्या मोटरीची गुंडाळी तांब्याची आहे, घरातली वायर तांब्याची आहे, आणि संत्र्याला वाचवणारे मोरचूदही तांब्याचेच. भट्टी हवी. पण धूर सोडून देणारी भट्टी नको, एवढे म्हणायचा हक्क शेतकऱ्याला आहे. आणि भट्टीने धूर पकडायला शिकावे, यात स्वान्सीपासून रत्नागिरीपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या आरड्याओरड्याचा मोठा वाटा आहे, हे विसरू नका.

आता माझी स्वतःची एक कबुली. नोकरीला लागलो तेव्हा मी नवा होतो. उन्हाळ्यात गावोगाव जाऊन सांगत असे, "धसकटे वेचा, ढीग करा, काडी लावा, रान आरशासारखे साफ ठेवा." लोक ऐकत. संध्याकाळी एखाद्या टेकाडावरून पाहिले की शेतोशेत धूर दिसे आणि मला वाटे, काय सुंदर काम चालले आहे! डकटाउनच्या कारखानदारालाही आपल्या धुराकडे बघून असेच वाटत असेल. पऱ्हाटी, सोयाबीनचे कुटार, तुराट्या जाळल्या की त्यातला जवळजवळ सगळा नत्र आणि गंधकाचाही बराच भाग धुरावाटे उडून जातो. पालाशाची राख तेवढी मागे राहते, तीही पहिल्या वावटळीत शेजाऱ्याच्या वावरात. मग पावसाळ्याच्या तोंडावर आपण उधारीवर युरियाची आणि सुपरची गोणी आणतो. जे चैत्रात फुकट हवेत सोडले, तेच मृगात पैसे देऊन परत घेतो. ज्या बापड्यांनी माझे ऐकले त्यांची मी आज क्षमा मागतो.

म्हणून यंदा एवढे करून बघा.

कपाशीची फरदड घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटा, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. पण उपटलेली पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, आणि शेतात पेटवूही नका. पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र भाड्याने मिळाले तर दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून आणा. भुगा जमिनीत मिसळा किंवा खड्ड्यात घाला.

खड्ड्यात कुटार आणि भुग्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, मग थोडी माती, असे थर द्या. प्रत्येक थरावर मूठ-मूठ सुपर फॉस्फेट भुरभुरले तर खत कसदार होते आणि नत्र उडून जाणेही कमी होते. ओल टिकवा, वरून मातीने लिंपा.

सोयाबीनला स्फुरद देताना सुपर फॉस्फेटचा विचार करा. त्यात १६ टक्के स्फुरद तर असतेच, शिवाय सुमारे ११ टक्के गंधकही असतो. तेलबियांना गंधक लागतो, दाण्यात तेल भरते.

आणि बोर्डो मिश्रण बेताने वापरा. तांबे जमिनीतून उडून जात नाही, वाहून जात नाही, साठत जाते. आधी विळा बुडवून बघा, मग फवारा.

त्या दिवशी बागेतून निघताना पोट्ट्याने आबाजींना विचारले, "आबाजी, मंग आपण पऱ्हाटी पेटवतो थे बी भट्टीच होय ना?" आबाजी काही बोलले नाहीत. त्यांनी विळा राखेने घासला, पुन्हा मिश्रणात बुडवला आणि वर काढून उजेडात धरला. या वेळी पाते स्वच्छ निघाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, खड्डा किती खोल घ्याचा ते सांगून जा."

तीन फूट पुरेसा आहे. तुम्हीही घ्या.